लेथवर केलेला ट्विस्ट पेन बिघडला तर: दोष कुठे शोधायचा, दुरुस्त कसा करायचा

लेथवरून बॅरल, म्हणजे पेनाची लाकडी नळकांडी, उतरतात तेव्हा सगळं छान दिसतं. लाकूड चकचकीत, माप बरोबर. मग जोडणी होते आणि पेन फिरवला तरी रिफिल बाहेरच येत नाही, किंवा बाहेर आलेली आत जात नाही, किंवा वरचा भाग नुसताच गोल फिरत राहतो. नवीन माणूस इथे घाबरतो आणि पेन आणखी जोरात दाबतो. तिथेच दुरुस्त होण्यासारखा पेन कायमचा जातो.

ट्विस्ट पेनाचा दोष दिसतो जोडणीत, पण तो झालेला असतो दोन-तीन पायऱ्या आधी: लाकडात भोक पाडताना, त्यात पितळी नळी चिकटवताना किंवा टोकं सपाट करताना. त्यामुळे आधी दोष कोणत्या पायरीचा हे ओळखा, मगच हत्याराला हात लावा. ठाणे-नवी मुंबईत यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे खाडीकाठची दमट हवा. लाकूड, गोंद आणि पॉलिश तिन्हींवर तिचा परिणाम होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हा लेख ७ मिमी नळीच्या, दोन बॅरलच्या सडपातळ ट्विस्ट पेनाबद्दल आहे. शिकणारे बहुतेकजण याच किटपासून (पेनाच्या धातूच्या भागांचा तयार संच) सुरुवात करतात. जाड पेनांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी पेनाचे भाग समजून घ्या

खालचं बॅरल म्हणजे बोटांत धरायचा भाग. त्याच्या एका टोकाला धातूचा शंकू दाबून बसवतात, किटच्या कागदावर त्याला निब म्हणतात. दुसऱ्या टोकातून ट्विस्ट मेकॅनिझमचा पितळी रंगाचा भाग आत दाबला जातो. मेकॅनिझमचा उरलेला भाग बाहेर राहतो, त्यावर मधली रिंग येते आणि मग वरचं बॅरल सरकवून बसतं. वरच्या बॅरलच्या शेंड्याला क्लिप आणि टोपण दाबलेलं असतं.

निब, मेकॅनिझम आणि टोपण हे तिन्ही दाबून बसवायचे, पक्के. वरचं बॅरल मात्र मेकॅनिझमवर फक्त घट्ट सरकतं, कारण रिफिल बदलताना ते ओढून काढायचं असतं. इथे गोंदाने कधीही चिकटवायचं नाही.

रिफिल क्रॉस-टाइप असते: लांब, बारीक, मागच्या टोकाला आटे असलेली. ती मागून मेकॅनिझममधून आत जाते आणि मेकॅनिझमच्या मागच्या तोंडाशी आट्यांवर घट्ट होते. म्हणजे रिफिल किती बाहेर येणार हे फक्त एका अंतरावर ठरतं: निबच्या टोकापासून मेकॅनिझमच्या मागच्या तोंडापर्यंत. वरच्या बॅरलचा यात काहीही संबंध नाही. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर निम्मे चुकीचे उपाय आपोआप टळतात.

२. हाताशी काय हवं

- डिजिटल किंवा साधं वर्निअर कॅलिपर. अंदाजाने हे काम होत नाही.
- ठोकून काढायच्या दोन सळ्या: एक बारीक, रिफिलच्या जाडीची, आणि एक जाड, ६ मिमीची, पितळी नळीत सैल सरकणारी. दोन्हींची टोकं सपाट हवीत.
- लाकडी किंवा प्लास्टिकचे जबडे लावलेला व्हाइस. पेन-प्रेस नसेल तर दाबायचं कामही यातच होतं.
- ७ मिमी नळीसाठी बॅरल ट्रिमर (बॅरलची टोकं काटकोनात सपाट करणारं हत्यार), धारदार.
- छोटी गोल कानस, कटरची पाती, काउंटरसिंक बिट.
- पातळ आणि घट्ट असे दोन्ही प्रकारचे सुपरग्लू, दोन नळ्यांचा इपॉक्सी, थोडं अॅसिटोन.
- १५० ते ६०० नंबरचे पॉलिश पेपर, त्यापुढे वॉटर पेपर.
- दोन-चार जादा पितळी नळ्या आणि एक-दोन जादा मेकॅनिझम. किट मागवतानाच हे मागवा. एका मेकॅनिझमसाठी पुन्हा महिनाभर थांबणं जिवावर येतं.

हत्यारांसाठी मस्जिद स्थानकावर उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशी-नेरूळहून हार्बरने, दोन्हीकडून हे स्थानक लागतं. सळ्या आणि बुश (टर्निंग करताना बॅरलच्या टोकांना लावायच्या मापाच्या लोखंडी कड्या) विकत मिळाले नाहीत तर वागळे इस्टेट, रबाळे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात लहान मशीन शॉप आहेत. तिथल्या टर्नरला नमुन्याचा बुश, मँड्रेलची (लेथवर बॅरल ओवायची) दांडी आणि एक रिकामी पितळी नळी अशा तिन्ही वस्तू हातात द्या. नुसता कागदावर आकडा दिला तर बुश दांडीवर सैल होण्याची शक्यता जास्त.

३. पेन न उघडता केलेली तपासणी

पेन हातात घ्या आणि या क्रमाने पाहा.

पेन बंद ठेवून टोकाकडे बघा. रिफिलचं टोक निबच्या आत असायला हवं. मग पूर्ण फिरवा. २ ते ३ मिमी बाहेर दिसायला हवं. कमी-जास्त असेल तर कलम ४.

फिरवताना हाताला काय लागतं ते बघा. सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट अडकाव लागला पाहिजे. अडकाव न लागता वरचा भाग फिरतच राहिला तर कलम ६. खरखर जाणवली तर कलम ७.

शेवटी नखाचं टोक धातूवरून लाकडावर आणि परत धातूवर असं फिरवा, चारही जोडांवर. नख कुठे अडलं, कुठे फटीत गेलं ते पेन्सिलीने लिहून ठेवा. कलम ८ आणि ९ त्यासाठी आहेत.

४. रिफिल कमी बाहेर येते किंवा आत जात नाही

सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार हीच, आणि ती दुरुस्तही सगळ्यात सहज होते.

*रिफिल पुरेशी बाहेर येत नाही.* मेकॅनिझम कमी दाबला गेला आहे. वरचं बॅरल ओढून काढा, रिफिल आटे सोडवून बाहेर घ्या, पेन व्हाइसमध्ये सरळ धरा आणि मेकॅनिझम अर्धा मिमी आत दाबा. रिफिल घाला, फिरवून बघा. अजून कमी वाटली तर पुन्हा अर्धा मिमी. एकदम दीड-दोन मिमी दाबू नका. आत ढकलणं सोपं आहे, पण बाहेर काढायला अख्खी जोडणी सोडवावी लागते.

दाबण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. निब पूर्ण बसली आहे का? तिथे अर्धा मिमी फट असेल तर रिफिलही तेवढीच कमी पडते. आणि बॅरलचं लाकूड पितळी नळीच्या पुढे उरलंय का? ट्रिमिंग लवकर थांबवलं तर असं होतं.

*पेन बंद केला तरी टोक बाहेरच.* मेकॅनिझम जास्त दाबला गेलाय, किंवा ट्रिमिंग करताना पितळी नळीच कापली गेली. दुसरं कारण नवख्यांच्या लक्षात येत नाही. किटच्या कागदावर लिहिलेलं असतं की मेकॅनिझम त्याच्यावरच्या खाचेपर्यंत दाबा. ही खाच मूळ नळीच्या लांबीच्या, म्हणजे साधारण ५३ मिमीच्या हिशेबाने आहे. तुमच्या ट्रिमरने १ मिमी पितळ खाल्लं असेल तर खाचेपर्यंत दाबल्यावर रिफिल बरोबर १ मिमी जास्त बाहेर येणार.

म्हणून खालचं बॅरल जोडणीआधी कॅलिपरने मोजा. ५२.२ मिमी भरलं तर मेकॅनिझम खाचेच्या ०.८ मिमी अलीकडेच थांबवा. तेवढं मधल्या रिंगखाली झाकलं जातं. दीड मिमीच्या पुढे तूट असेल तर मेकॅनिझमची पकड कमी होते, तेव्हा ते बॅरल नव्याने करणंच बरं.

आधीच जास्त दाबलं गेलं असेल तर कलम ५ प्रमाणे सोडवा. इथे एक चुकीचा जुगाड बरेचजण करतात: रिफिलचे आटे अर्धेच फिरवून ठेवतात, म्हणजे रिफिल मागे राहते. चार ओळी लिहीपर्यंत ती सैल होते आणि लिहिताना आत जाऊ लागते. हे करू नका.

रिफिलबद्दल आणखी एक. किटसोबत आलेली रिफिल आणि नंतर दुकानातून घेतलेली क्रॉस-टाइप रिफिल यांच्या लांबीत बारीक फरक असू शकतो. पेन कुणाला देणार असाल तर पुढे जी रिफिल मिळणार आहे तीच घालून लांबी बसवा.

जाड पेनात पार्कर-टाइप रिफिल असते, ९८ मिमी लांब, आटे नसलेली. अशा बऱ्याच किटांत मेकॅनिझम आट्यांवर बसतो, त्यामुळे दाबून लांबी जुळवता येत नाही. रिफिल कमी पडली तर तिच्या मागे अर्धा मिमी जाडीची प्लास्टिकची गोल चकती टाका. आत जात नसेल तर आधी स्प्रिंग बघा. ती राहून गेलेली असते किंवा निबच्या आत तिरकी बसलेली असते.

५. पेन सोडवायचा कसा

क्रम चुकला तर लाकूड फुटतं. असा जा:

१. वरचं बॅरल थोडं थोडं फिरवत सरळ ओढा. तिरकं वाकवू नका.

२. रिफिल आटे सोडवून बाहेर काढा. मधली रिंग काढून वाटीत ठेवा. टेबलावरून ती घरंगळते आणि मग सापडत नाही.

३. बारीक सळी मेकॅनिझमच्या मागच्या तोंडातून आत घाला, ती निबला आतून टेकते. बॅरल जाड कापडात गुंडाळून हातात धरा, निब खालच्या बाजूला ठेवा आणि सळीवर हातोडीने हलके टोले द्या. निब निघते.

४. आता जाड सळी निबच्या बाजूने घाला आणि मेकॅनिझम मागे ठोकून काढा.

५. वरच्या बॅरलचं टोपण काढायचं असेल तर जाड सळी उघड्या तोंडातून घालून ठोका. क्लिप सोबतच सुटते.

बॅरल व्हाइसमध्ये आवळून ठोकू नका. पूर्ण झालेल्या सडपातळ पेनात बुशजवळचा व्यास साडेआठ मिमीच्या आतबाहेर असतो. त्यातून ७ मिमीची नळी वजा करा. एका बाजूला उरतं ते लाकूड जेमतेम पाऊण मिमी. ते नखाएवढं पातळ लाकूड व्हाइसचा दाब सोसत नाही.

निब सुटल्यावर नळीचं तोंड सैल वाटलं तर परत दाबताना पातळ गोंदाचा एक ठिपका टाचणीने नळीच्या आतल्या कडेला लावा. निबला लावू नका, तो पुढे ओघळून रिफिलच्या वाटेत जातो.

६. वरचं बॅरल नुसतं फिरतं, किंवा चढतच नाही

नुसतं फिरत असेल तर नळीची मेकॅनिझमवरची पकड सुटली आहे. नळीच्या आत घट्ट सुपरग्लूचा अगदी पातळ थर काडीने फिरवा आणि पूर्ण वाळू द्या, चांगले दोन-तीन तास. वाळल्यावरच बॅरल चढवा. ओला असताना चढवलंत तर पेन कायमचा बंद होईल. जास्त घट्ट झालं तर गोल कानसीने हलकं घासा. पारदर्शक नेलपॉलिशचा थर मेकॅनिझमच्या बाहेरून देऊन वाळवला तरी चालतं, ते पुढे काढून टाकणंही सोपं.

चढत नसेल किंवा मध्ये फट राहत असेल तर नळीत गोंद गोठलाय. उजेडाकडे धरून आत बघा, पिवळसर गाठ दिसेल. कटरच्या पात्याने खरवडा, नाहीतर बॅरल ट्रिमरची दांडी हाताने फिरवत आत घाला. हे टाळायचं असेल तर नळी चिकटवण्याआधी तिचं पुढचं तोंड बटाट्याच्या पातळ चकतीवर दाबा. बटाट्याचं बूच तोंडात बसतं, गोंद आत जात नाही, आणि ट्रिमिंगच्या वेळी ते सहज निघून जातं.

दोन्ही बॅरलवरच्या लाकडाच्या रेषा जुळत नसतील तर तो दोष नाही, जुळवणी राहिली आहे. पेन बंद स्थितीत घ्या, वरचं बॅरल अडकावाच्या पुढे थोडं जोर देऊन फिरवा आणि रेषा जुळल्या की थांबा. यासाठी ठोकळी कापण्याआधी तिच्यावर एका बाजूला लांब रेघ आणि मधोमध बाण काढलेला असला पाहिजे. नाहीतर कोणतं टोक कुणाला लागून होतं हे टर्निंगनंतर सांगता येत नाही.

७. फिरवताना खरखर, किंवा लिहिताना रिफिल मागे सरकते

खरखर आली की आधी मेकॅनिझम पेनाबाहेर काढून नुसता हातात फिरवा. बाहेर गुळगुळीत आणि पेनात खरखरीत असेल तर तो तिरका दाबला गेलाय किंवा आत भुसा आहे. भुसा फुंकून किंवा कोरड्या ब्रशने काढा, तेल घालू नका. तेलाला भुसा चिकटतो आणि पुढे तेल लाकडात उतरतं.

बाहेरही खरखर लागली तर मेकॅनिझम गेलेला आहे. याचं कारण बहुधा असं असतं की तो व्हाइसच्या धातूच्या जबड्यात दाबला गेला किंवा मागच्या टोकावर हातोडी मारली गेली. तो दुरुस्त होत नाही, बदला.

लिहिताना रिफिल मागे सरकत असेल तर आधी आटे पूर्ण घट्ट करा. तरीही सरकली तर मेकॅनिझम झिजला आहे.

८. चीर आणि फट

चीर कधी पडली यावरून तिचं कारण कळतं.

*दाबताना "टक" असा आवाज येऊन पडलेली चीर:* नळीच्या तोंडात गोंदाचा थर होता, किंवा भाग तिरका गेला. त्याच क्षणी थांबा, भाग ठोकून काढा. नळीचं तोंड आतून स्वच्छ करा, काउंटरसिंक बिट हाताने अर्धा वळसा फिरवून आतली कड मोडा. चिरेत पातळ सुपरग्लू सोडा, त्याच लाकडाचा बारीक भुसा भरा, वाळल्यावर ६०० नंबरने घासा. बारीक चीर यात लपते. जोडणीआधी चारही तोंडांची कड मोडायची सवय लावली तर या दुरुस्तीची वेळ क्वचितच येते.

*पॉलिश पेपर मारताना पडलेली चीर:* उष्णता. शिसवासारख्या कठीण लाकडात हे लवकर होतं. पेपर धरलेल्या बोटाला चटका लागला की लाकडाला त्याहून जास्त लागलेला असतो. वेग ६०० ते ८०० फेऱ्यांवर आणा, पेपर बदला, मध्ये थांबा.

*आठवड्याने, महिन्याने पडलेली चीर:* ओलं लाकूड. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असली की लाकडात १७-१८ टक्के ओलावा टिकतो, ६० टक्क्यांना तो ११ टक्क्यांच्या आसपास येतो. जुलैत घडवलेला पेन डिसेंबरात आकसतो, पण आतली पितळी नळी आकसत नाही. मग पाऊण मिमीचं लाकूड उभं फाटतं. उपाय आधीच करावा लागतो. ठोकळ्या सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात भोक पाडल्यावर किमान आठवडाभर तशाच डब्यात सुकू द्या आणि मग नळी चिकटवा. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर ठोकळी दर दोन दिवसांनी तोला. वजन उतरायचं थांबलं की ती तयार.

*फट* हा वेगळा विषय. निब किंवा रिंगेजवळ एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे बॅरलचं टोक काटकोनात नाही. दोन्ही बॅरल लेथवर चढवण्याआधी तोंडाला तोंड लावून खिडकीच्या उजेडात धरा. मधून उजेड दिसला तर परत ट्रिम करा. पितळेचं चकचकीत वर्तुळ पूर्ण दिसलं की लगेच थांबा. अर्धवर्तुळ दिसतंय म्हणजे एक बाजू अजून उंच आहे. ट्रिमर बोथट असेल तर तो लाकूड कापण्याऐवजी उचकटतो, त्यामुळे कडेची ढलपी निघते. आधी त्याला धार लावा.

९. जोडावर पायरी: एका बाजूला लाकूड वर, दुसऱ्या बाजूला खाली

बॅरल अंडाकृती झालं आहे. कॅलिपरने टोकाचा व्यास मोजा, बॅरल पाव वळसा फिरवून परत मोजा. फरक ०.१ मिमीहून जास्त असेल तर जवळजवळ नेहमीच दोष मँड्रेलचा असतो.

मँड्रेलची दांडी बारीक असते, ६ मिमीहून जरा जास्त. शेवटचा नट पान्याने आवळला किंवा टेलस्टॉक (दांडीचं दुसरं टोक धरणारा लेथचा सरकता भाग) जोरात दाबला की ती धनुष्यासारखी वाकते. मग बॅरल मध्यभागी फिरत नाही, आणि तुम्ही कितीही नीट टर्निंग केलंत तरी एका बाजूने जास्त लाकूड जातं. नट बोटांनीच आवळा. टेलस्टॉक त्यातलं लाइव्ह सेंटर (दांडीसोबत फिरणारं टोक) फिरायला लागेल इतकाच पुढे घ्या. सेंटर ६० अंशांचंच हवं, लाकूडकामाच्या जाड टोकाच्या सेंटरवर दांडी नीट बसत नाही.

एवढं करूनही पायरी आली तर बॅरल न चढवता नुसती दांडी फिरवून बघा. टोक थरथरताना दिसलं तर दांडी कायमची वाकली आहे. नवी घ्या, किंवा मँड्रेल सोडून दोन सेंटरमध्ये बुश धरून टर्निंग करा. ही दुसरी पद्धत शिकून घ्यायला थोडा वेळ लागतो, पण पायरीचा त्रास त्यात फारच कमी होतो.

पायरी सगळीकडे सारखी आणि लाकूड खाली असेल तर पॉलिश पेपर जास्त चालला किंवा बुश झिजलेत. बुशवर पेपर लागत राहिला की त्याचा व्यास कमी होतो आणि पुढचा प्रत्येक पेन बारीक होत जातो. नव्या बुशचा व्यास पहिल्याच दिवशी मोजून वहीत लिहून ठेवा. ०.२-०.३ मिमीची पायरी सुपरग्लूचे थर देऊन भरून काढता येते, त्याहून जास्त नाही.

१०. टर्निंग करताना नळी लाकडातून सुटली

नळी चिकटवण्याआधी पॉलिश पेपरने घासली नव्हती, किंवा लाकूड तेलकट होतं. सागवान आणि शिसव दोन्ही तेलकट आहेत. भोकातून अॅसिटोनचा बोळा फिरवा, ते उडून जाऊ द्या, मग गोंद लावा. नळी १५० नंबरच्या पेपरने आडवी घासून मंद करा.

पावसाळ्यात सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने लवकर पकडतो. नळी अर्धी आत गेली आणि अडकली, असं जून ते सप्टेंबरमध्ये हमखास होतं. त्या दिवसांत इपॉक्सी वापरा आणि रात्रभर ठेवा. नळी अडकलीच तर ठोकू नका. बाहेर राहिलेला तुकडा करवतीने सपाट कापा आणि दुसऱ्या बाजूने गोंद लावून तोच आत सरकवा.

सुटलेली नळी तुकडे न होता निघाली तर भोक आणि नळी स्वच्छ करून इपॉक्सीने परत बसवता येते. लाकूड उडून गेलं असेल तर ती ठोकळी सोडा.

११. पॉलिश पांढरं पडलं, सुटलं किंवा डागाळलं

सुपरग्लूच्या फिनिशमध्ये दुधाळ ढग दिसतो तो अडकलेल्या ओलाव्याने, तेलकट लाकडाने किंवा सुपरग्लू लगेच वाळवणाऱ्या अॅक्सिलरेटरचा फवारा जास्त मारल्याने. वरून कितीही घासलं तरी ढग जात नाही, कारण तो खालच्या थरात आहे. लाकडापर्यंत घासून परत सुरू करा. मुसळधार पावसाच्या दिवशी हे फिनिश करायचंच असेल तर बंद खोलीत तासभर एसी लावून मग करा. पातळ थर, एकावर एक, ८ ते १०. इतक्या थरांनी व्यासात साधारण ०.१ ते ०.२ मिमी भर पडते, म्हणून टर्निंग तेवढं कमी मापावर थांबवा.

लाखदाणा आणि स्पिरिटचं पॉलिशही दमट हवेत पांढरं पडतं. शिवाय आपल्याकडचा घाम बघता बोटांच्या जागी ते काही महिन्यांत उतरतं. रोज वापरायच्या पेनाला सुपरग्लूचंच फिनिश द्या. धातूच्या भागांचंही तसंच. साधा सोनेरी मुलामा निबवरून लवकर झिजतो, क्रोम किंवा टायटॅनियमचा मुलामा टिकतो.

बॅरल बुशपासून काढताना फिनिशची कपची उडते, कारण गोंदाने दोन्ही एकत्र जोडलेले असतात. आधी बुशवर मेण लावा आणि काढण्याआधी जोडावर कटरची धार फिरवून रेघ पाडा. मेण मँड्रेललाही लावा. पावसाळ्यात ते बिनमेणाचं आठवडाभर ठेवलं की गंज येतो आणि बुश दांडीवर अडकतो.

फिकट लाकडाच्या कडेला राखाडी छटा दिसली तर ती बुशच्या लोखंडाची पूड आहे. प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवा, पेपर लांबीच्या दिशेने फिरवा, मग स्पिरिटच्या बोळ्याने पूड पुसा. गोल ओरखडेही यानेच जातात.

सुपरग्लूची बाटली हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवा. उघडण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, नाहीतर थंड बाटलीत हवेतलं पाणी उतरतं.

जिवाच्या दोन गोष्टी इथेच. फिनिश लावायला कागदी टिश्यू वापरा, सुती कापड कधीही नाही. सुती कापडावर सुपरग्लू सांडला की तो भराभर तापतो आणि त्वचा भाजते. शिवाय फिरत्या लेथवर कापड अडकलं तर बोट सोबत ओढलं जातं. आणि शिसवाची बारीक पूड अनेकांना अंगावर उठते, खोकला आणते. मास्क आणि चष्मा घालूनच काम करा, खिडकी उघडी ठेवा.

१२. लाकडातच दोष असेल तर

वारंवार चिरा आणि ढलप्या येत असतील तर हत्यारांवर राग काढण्याआधी ठोकळी कुठून आली ते बघा. जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान उत्तम, वर्षानुवर्षं मुरलेलं, पण त्यात खिळ्याची तुटकी टोकं असतात. ठोकळी कापण्याआधी तिच्यावर लोहचुंबक फिरवा. फर्निचरवाल्याकडचे शिसवाचे तुकडे छान चालतात. पॅकिंगच्या पेट्यांचं मऊ पाइन मात्र पाऊण मिमी जाडीला टिकत नाही.

पावसाळ्यात सोसायटीत पडलेल्या आंब्या-फणसाची फांदी मिळाली तर टोकांना मेण लावून सावलीत ठेवा आणि निदान वर्षभर विसरून जा. येऊरच्या जंगलातून किंवा खाडीकाठच्या कांदळवनातून काही उचलू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि कांदळवनंही संरक्षित आहेत. चंदनाची ठोकळी कुणी पावतीशिवाय देत असेल तर घेऊ नका.

भोक पाडताना दुसऱ्या बाजूने लाकूड फुटत असेल तर ठोकळी नळीपेक्षा १५ मिमी लांब ठेवा, भोक आरपार न नेता थांबा आणि उरलेलं टोक करवतीने कापा. दर ५-६ मिमीनंतर बिट पूर्ण बाहेर काढून भुसा झटका. भोकातून धूर आला तर बिट बोथट आहे, आणि त्या भोकाच्या भिंतीवर गोंद नीट धरणार नाही.

१३. पेन कुणाला देण्याआधी

दहा वेळा उघड-बंद करा, एक पूर्ण पान लिहा, मग रिफिल एकदा काढून परत घाला. वरचं बॅरल ज्यांना ओढून काढता आलं नाही ते निब पकडीने ओढतात आणि पेन बिघडतो. म्हणून डब्यात एक चिठ्ठी ठेवा: "रिफिल बदलताना वरचा भाग हलका फिरवत सरळ ओढा. क्रॉस-टाइप रिफिल. आटे पूर्ण घट्ट करा." सोबत एक जादा रिफिल, जिच्यावर तुम्ही लांबी बसवलीत त्याच कंपनीची.